मध्यरात्रीची घंटा : तिरुवैयारुच्या वाटेवरचे अन्न

(हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त शाळेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तंजावर सोडून उत्तरेस निघालेल्या वाटसरूला बारा-तेरा किलोमीटरच्या अंतरात एकामागून एक पाच पूल ओलांडावे लागतात. वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि अखेरीस साक्षात कावेरी. पलीकडच्या तीरावर जे गाव लागते त्याचे नावच मुळी पाच नद्यांचे : तमिळमध्ये 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी आणि आरंभी आदराचा 'तिरु'. संस्कृतात यालाच पंचनद म्हणतात. गावाच्या मध्यभागी ऐयारप्पर म्हणजेच पंचनदीश्वराचे विस्तीर्ण देवालय आहे, कावेरीकाठी त्यागराजस्वामींची समाधी आहे आणि रस्त्याच्या दोहो अंगांना केळीच्या बागा व भाताची खाचरे आहेत.

महाराष्ट्रातून दक्षिणेची यात्रा करणारे कुटुंब येथवर बहुधा तंजावरमार्गे येते. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर सकाळी पाहून होते. त्याच मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास पाहताना कुटुंबातील वडीलधाऱ्यांचा ऊर भरून येतो. सरस्वती महाल ग्रंथालयातील पोथ्यांचे दर्शन घडते. आणि मग दुपारचा दीड वाजतो. गाडीत तीन पिढ्या बसलेल्या असतात. आजोबांना मऊ भाताची सवय, आईला स्वच्छतागृहाची काळजी आणि मुलांना चौकातून जाताना पिझ्झाच्या दुकानाची ओळखीची पाटी दिसलेली. हजार वर्षांच्या दगडी शिल्पांविषयी ज्यांच्यात मतभेद झाला नाही, त्यांच्यात जेवणाविषयी होतो, आणि दहा मिनिटांत निकाल लागतो. निकाल पुष्कळदा मुलांच्या बाजूने लागतो.

या निकालाकडे केवळ जिभेचे चोचले म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. 'हल्लीच्या मुलांना आपले अन्न नको' असे म्हणून वडीलधारे सुस्कारा टाकतात. हे निदान सोपे आहे, परंतु अपुरे आहे. परक्या गावी भूक लागलेल्या माणसाच्या मनात चवीच्या आधी काही वेगळेच प्रश्न उभे राहतात. येथे आपल्याला आत घेतील का? पाणी पिण्याजोगे असेल का? किती पैसे पडतील? लहान मुलाला, गर्भवतीला, मधुमेही वृद्धाला खाण्याजोगे काही मिळेल का? हे प्रश्न आजचे नाहीत. तिरुवैयारुच्या याच वाटेवर, दोनशे वर्षांपूर्वी, एका मराठी राज्यकर्त्याने त्यांची उत्तरे देणारी यंत्रणा उभी ठेवली होती. जगभरच्या ऐतिहासिक स्थळी आज जे साखळी-उपाहारगृहांचे दिवे लागले आहेत, त्यांचा विचार करताना तिचे स्मरण फार उपयोगी पडते.

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी मिळविली आणि १८५५ साली दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूनंतर ते राज्य संपुष्टात आले. या पावणेदोनशे वर्षांत कावेरीच्या खोऱ्यात आणि तेथून रामेश्वराकडे जाणाऱ्या मार्गावर भोसल्यांनी अनेक छत्रे बांधली. छत्र, तमिळ उच्चारानुसार चत्तिरम्, म्हणजे केवळ अन्नछत्र नव्हे. धर्मशाळा, मुदपाकखाना, पाठशाळा आणि दवाखाना अशा चारही गोष्टी तेथे एकत्र नांदत. बरीचशी छत्रे राजघराण्यातील स्त्रियांच्या नावाने ओळखली जात. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र असेच. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र सरफोजीराजांनी आपल्या दिवंगत प्रेयसीच्या स्मरणार्थ बांधिले. किनाऱ्यावरचे सेतुबावाछत्रम हे गाव तर आजही छत्राचेच नाव मिरविते. काशीचे गंगाजल रामेश्वरास नेणारा यात्रेकरू आणि रामेश्वराची वाळू काशीस नेणारा यात्रेकरू, दोघांच्याही वाटा या मुलखातून जात.

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. तंजावरचा किल्ला आणि उत्पन्नाचा हिस्सा एवढेच त्यांच्याकडे उरले. अशा वेळी सत्ता गमावलेला राजा काय वाचविण्याची धडपड करतो, हे पाहण्यासारखे असते. सरफोजीराजांनी १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांची कळकळीची मागणी छत्रांविषयी होती. ती आपल्या हाती राहावीत आणि त्यांच्या उत्पन्नास धक्का लागू नये. ही मागणी करताना छत्रात काय काय चालते याचे जे वर्णन त्यांनी केले आहे, ते आजही वाचणाऱ्यास थक्क करते.

ब्राह्मणापासून परैयरापर्यंत प्रत्येक वाटसरूस, तसेच जोगी, जंगम, अतीत आणि बैरागी यांस शिजविलेला भात मिळे. ज्यास दुसऱ्याच्या हातचे शिजविलेले चालत नसे, त्यास तांदूळ, मसाला आणि इतर जिन्नसांचा कोरडा शिधा दिला जाई. हे वाटप दिवसभर चाले. मध्यरात्र झाली की घंटा वाजे आणि ज्यांना अद्याप अन्न मिळाले नसेल त्यांनी यावे, अशी द्वाही फिरविली जाई. कोणी आजारी पडला तर बरा होईपर्यंत त्याला औषध आणि पथ्याचे जेवण मिळे. तान्ह्या मुलांना दूध दिले जाई, बाळंतिणीची शुश्रूषा होई. वैद्य असत, सर्पदंशावर उपचार करणारेही असत. वाटेत आईबाप गमावलेली परक्या मुलखातील मुले शाळामास्तराच्या हवाली केली जात. त्यांना त्रिकाळ जेवण, कपडे आणि दर चार दिवसांनी तेलाने अभ्यंग मिळे. ज्या विद्येची त्यांना आवड असेल ती शिकविली जाई आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्र करी.

या तपशिलात दोन बारकावे विशेष आहेत. पहिला शिध्याचा. आलेल्या माणसाची रीत बदलण्याचा आग्रह छत्राने धरला नाही. 'आमचे खा, नाहीतर उपाशी राहा' असे म्हटले नाही. दुसरा बारकावा मध्यरात्रीच्या घंटेचा. अन्न मांडून ठेवणे पुष्कळांना जमते. राहून गेलेल्या माणसाला रात्री बारा वाजता हाक मारणे, हे निराळे काम आहे. उशिरा पोचलेला, संकोचाने कोपऱ्यात पथारी टाकून पडलेला, 'आता कुठे मागायचे' म्हणून गप्प राहिलेला वाटसरू ज्याने कधी पाहिला असेल, त्यालाच ही घंटा सुचली असणार.

आता यात गौरव किती आणि इतिहास किती, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. पत्र राजाने आपला पक्ष मांडण्यासाठी लिहिलेले आहे. त्यात चांगले ते ठळक असणारच. सर्व जातींना अन्न मिळे असे त्यात आहे, सर्व जाती एका पंगतीत बसत असे नाही. त्या काळाकडे पाहता पंगती वेगळ्या होत्या, स्वयंपाकी वेगळे होते, असेच धरून चालावे लागेल. तरीही कोणास विन्मुख पाठवायचे नाही हा दंडक राजाज्ञेने घालून दिलेला होता, आणि भूक लागलेल्याच्या दृष्टीने ही गोष्ट थोडी नव्हे.

कारण हा दंडक जेथे नव्हता, तेथे काय होई याची साक्ष महाराष्ट्रातीलच आहे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव आंबेडकर आपल्या भावासह आणि भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी निघाला. मुले मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच स्टेशनमास्तर दूर झाला, गाडीवानांनी नकार दिला, आणि अखेर मिळालेल्या बैलगाडीतून रात्रीचा प्रवास झाला. मुलांपाशी घरून दिलेली शिदोरी भरपूर होती. परंतु कोणी पाणी दिले नाही, म्हणून ती खाता आली नाही. भरल्या डब्यापाशी मुले उपाशी झोपली. ही हकिकत डॉ. आंबेडकरांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. प्रवासातील अन्नाविषयी बोलताना चवीचा, परंपरेचा आणि अस्सलपणाचा गहिवर येण्याआधी ही गोष्ट स्मरणात असावी.

तंजावरला १८६१ साली नागपट्टणमहून रेल्वे आली. पायी महिनोन्‌महिने चालणारी यात्रा दिवसांवर आली, आणि छत्रांच्या पडव्या हळूहळू रिकाम्या होऊ लागल्या. त्यांची उत्पन्ने पुढे जिल्हा बोर्डाच्या ताब्यात गेली. तिरुवैयारुत त्याच उत्पन्नावर एक संस्कृत पाठशाळा चाले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी दानाची मूळ कागदपत्रे तपासली. दान केवळ संस्कृतापुरते नसून विद्येसाठी आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि तेथे तमिळचे अध्यापन सुरू झाले. छत्रांच्या उत्पन्नातून गरीब विद्यार्थ्यांची वसतिगृहेही निघाली. वाटसरूच्या पानात पडायचा तो भात अशा रीतीने विद्यार्थ्यांच्या ताटात गेला. सरफोजीराजांना यात वावगे वाटले नसते, असे मानण्यास जागा आहे.

वाटसरूचे मात्र काय झाले? त्याच्यासाठी बाजार पुढे आला. स्थानकावरची उपाहारगृहे, कॉफी क्लब, उडुपी पद्धतीची हॉटेले आणि ज्यांना तमिळनाडूत 'मेस' म्हणतात त्या खाणावळी निघाल्या. यांनी दक्षिणेला पुष्कळ दिले. बारा महिने, गावोगाव, ठरलेल्या दरात इडली मिळू लागली ती यांच्यामुळे. परंतु कैक ठिकाणी बसण्याच्या जागा जातीनुसार वेगळ्या असत. रेल्वेच्या उपाहारगृहांतूनही हा भेद होता आणि पेरियार ई. वे. रामसामी यांच्या चळवळीनंतर १९४१ साली तो काढून टाकावा लागला. जुन्या हॉटेलातील पितळी पेल्याची आठवण काढताना तो पेला कोणाला मिळत नव्हता, हे सहसा सांगितले जात नाही.

या पार्श्वभूमीवर जागतिक साखळ्यांकडे पाहिले म्हणजे त्यांचे यश तितकेसे गूढ राहत नाही.

१९८६ साली रोममधील स्पॅनिश पायऱ्यांजवळच्या चौकात मॅकडोनाल्ड्‌सचे दुकान उघडले तेव्हा इटलीत संताप उसळला. आंदोलकांनी घोषणांबरोबर लोकांना पास्ताही वाटला. त्याच वातावरणातून कार्लो पेत्रिनी यांची 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली आणि १९८९ साली पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा निघाला. बीजिंगच्या निषिद्ध नगरीत, म्हणजे चिनी सम्राटांच्या राजवाड्याच्या आवारात, २००० साली स्टारबक्सचे दुकान आले. एका दूरचित्रवाणी निवेदकाने त्याविरुद्ध जनमत जागविले आणि २००७ साली ते बंद झाले. फ्लॉरेन्सने २०१६ साली आपल्या कॅथेड्रलच्या चौकात मॅकडोनाल्ड्‌सला परवानगी नाकारली, तेव्हा कंपनीने नगरपालिकेवर सुमारे १.८ कोटी युरोंच्या भरपाईचा दावा लावला.

या लढायांची वर्णने मोठ्या आवडीने वाचली जातात. त्यातील एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. बीजिंगमधील दुकान गेले, रोममधील राहिले. रोममधील दुकानाने बाहेरची झगझगीत पाटी आवरती घेतली, परंतु गिऱ्हाईक तुटले नाही. याचा अर्थ रोमच्या लोकांना पास्ता नकोसा झाला असा नाही. त्या चौकात दिवसभर हिंडून पाय दुखलेला, भाषा न समजणारा, इतर दुकानांतील दरपत्रक पाहून बावरलेला प्रवासी तेथे शिरत राहिला. आत गेल्यावर काय मिळेल, किती पैसे पडतील आणि हात कोठे धुवायचे, हे त्याला आत जाण्यापूर्वीच ठाऊक होते.

भारतात मॅकडोनाल्ड्‌स १९९६ साली आले, दिल्लीत आणि मुंबईच्या वांद्र्यात. येताना त्यांनी गोमांस आणि डुकराचे मांस वगळले आणि शाकाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची जागा व माणसे वेगळी ठेवली. सरफोजीराजांच्या कारभाऱ्यांना ही युक्ती नवी वाटली नसती. ज्याला जे चालत नाही ते त्याच्यापासून दूर ठेवावे, हा शिध्याचाच नियम. स्टारबक्सचे भारतातील पहिले दुकान ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलवर एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये उघडले. टाटांच्या भागीदारीतले हे दुकान एका वारसा-वास्तूत आहे, आणि त्याविरुद्ध बीजिंगसारखे काही घडले नाही. उलट रांगा लागल्या. कॉफीच्या बिया टाटांच्या कर्नाटकातील मळ्यांमधल्या. हे मळे मुख्यतः कोडगू जिल्ह्यात आहेत, आणि कावेरीचा उगम त्याच डोंगरांत आहे. पेल्यावर गिऱ्हाइकाचे नाव लिहिले जाते. आडनाव विचारीत नाहीत. ज्या देशात आडनाव हाच पहिला प्रश्न असतो, तेथे ही बाब क्षुल्लक नाही.

तेव्हा साखळी-उपाहारगृह आपल्या गिऱ्हाइकाला मुख्यतः निर्धास्तपणा विकते. पाव, बटाटा आणि चीज हे त्यासोबत येते. छत्रही निर्धास्तपणाच देत असे, फरक एवढाच की ते तो विकत नसे. दोहोंच्या मधल्या काळात स्थानिक खाणावळींपैकी ज्यांनी वाटसरूच्या जुन्या प्रश्नांकडे लक्ष दिले त्या टिकल्या, वाढल्या. चेन्नईत १९८१ साली सुरू झालेल्या सर्वण भवनाने इडली-डोसा लंडन, न्यूयॉर्क आणि आखाती देशांपर्यंत नेला. साखळी ही केवळ परदेशातून येणारी गोष्ट आहे हा समज त्याने कधीच खोटा पाडला आहे. तमिळनाडूच्या महामार्गांवर 'कुंभकोणम डिग्री कॉफी'च्या पाट्या आणि पितळी डबरा-पेले आज जागोजाग दिसतात. त्यातील कितींचा कुंभकोणमशी संबंध आहे हा प्रश्न न विचारलेला बरा. परंतु पाटी वाचून वाटसरू थांबतो, कारण आत काय मिळेल ते त्याला कळते.

मग साखळीला विरोध करण्याजोगे काहीच नाही काय? आहे, आणि ते तिरुवैयारुतच नीट दिसते.

या गावाचा एक पदार्थ आहे, अशोका. मुगाची डाळ मऊ शिजवून घोटायची, तुपात परतलेली गव्हाची कणीक आणि साखर घालून मोठ्या कढईत सतत हलवीत राहायचे. उलथने थांबले की तळाशी लागते. रंगाने केशरी, स्पर्शाने इतका मऊ की दातांना काही काम उरत नाही. तंजावर भागातील लग्नाच्या पानावर तो हवाच. गावात हलवा विकणारी जुनी दुकाने आहेत. गिऱ्हाईक उभ्या उभ्या पानाच्या तुकड्यावर गरम अशोका घेते आणि गोडावर उतारा म्हणून थोडे तिखट फरसाण मागून घेते. त्या एका तुकड्यामागे किती माणसे उभी असतात, ते मोजण्यासारखे आहे. पान शेजारच्या बागेतले, दूध-तूप पंचक्रोशीतले, कढईपाशी उभा असलेला आचारी गावातला. खाणाऱ्याने दिलेल्या पैशाचा मोठा भाग कावेरी ओलांडून पलीकडे जात नाही. साखळीच्या दुकानात पाव, चीज आणि सॉस ठरावीक पुरवठादारांकडून गोठविलेल्या अवस्थेत येतात. ते प्रत्येक ठिकाणी सारखे लागावेत हीच तर त्यांची ख्याती. म्हणून शेजारच्या बागेतले केळीचे पान तेथे कितीही हिरवे असले तरी कामाचे नसते. पुरातन स्थळी येणारा प्रवासी त्या स्थळाच्या देखभालीला हातभार लावतो असे म्हणतात. तो कोणत्या दारी जेवतो, यावर तो हातभार कोणाला लागतो हे ठरते.

दुसरे नुकसान याहून सूक्ष्म आहे, आणि मराठी माणसाला ते अधिक जवळचे वाटावे. व्यंकोजीराजांच्या काळातच, राणी दीपाबाईंच्या आश्रयाने, रघुनाथ गणेश नवहस्त नावाच्या पंडिताने 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ तंजावरात रचिला. धान्ये, पक्वान्ने, त्यांचे गुणदोष आणि जेवणाचे शिष्टाचार यांचा तो कोशच आहे. संस्कृतात लिहिताना पंडिताने पदार्थांची रोजच्या बोलीतील नावेही दिली आहेत. सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातील कृतींची 'शरभेंद्र पाकशास्त्र' ही पोथी सरस्वती महालात आहे. सांबाराचा जन्म तंजावरच्या मराठी वाड्यात झाला, आमसूल संपले म्हणून चिंच घातली आणि पाहुण्या संभाजीराजांचे नाव त्या आमटीला मिळाले, अशी एक लाडकी आख्यायिकाही आहे. तिला कागदोपत्री आधार नाही. मराठी सभांतून ती टाळ्या घेते एवढेच खरे, आणि तमिळ यजमानांपुढे ती सांगण्याआधी जरा विचार केलेला बरा. आख्यायिका बाजूला ठेवली तरी तंजावर मराठी कुटुंबांच्या घरात आजही पिठले होते, डांगर पच्चडी होते, सणाला पुरणाची पोळी होते. बोलीत तमिळचा नाद आणि आमटीत चिंचेचा कोळ असे साडेतीनशे वर्षांचे हे घरगुती लेणे आहे. परंतु तंजावरला गेलेल्या मराठी प्रवाशाला ते सहसा चाखायला मिळत नाही. साखळीच्या दुकानात ते नाही आणि डोशाच्या हॉटेलातही नाही. भिंतीवरचा मराठी शिलालेख वाचून जो भारावला, त्याच शिलालेखाच्या पिढ्यांचे जेवण त्याला ठाऊकही नसते. त्याने विचारले नाही, म्हणून कोणी मांडले नाही. मांडलेले नाही, म्हणून कोणी विचारीत नाही. हा दोष कोणत्याही परदेशी कंपनीवर लोटता येणार नाही.

तिरुवैयारुविषयी बोलताना त्यागराजस्वामींना वगळून चालणार नाही. अन्नाशी त्यांचा संबंधही वेगळ्याच प्रकारचा होता. १७६७ साली तिरुवारूर येथे जन्मलेले आणि १८४७ साली येथेच देह ठेवलेले हे संगीतकार सरफोजीराजांचे समकालीन होते. दरबारचा आश्रय त्यांनी पत्करला नाही. रामनाम गात गावाच्या रस्त्यांतून फिरावे आणि मूठमूठ तांदूळ मिळेल त्यावर कुटुंब व शिष्य यांचा निर्वाह करावा, ही उंछवृत्ती त्यांनी स्वीकारली. चार कोसांवर राजाचा मुदपाकखाना, मार्गावर राजाची छत्रे, आणि या गल्लीत राजाचे काहीही न घेणारा गायक, असे चित्र त्या काळी होते. त्यांच्या समाधीची पडझड झाली तेव्हा ती पुन्हा उभारली बंगळुरू नागरत्नम्मा या देवदासी कुळातील गायिकेने, स्वतःची मिळकत विकून. आराधनेच्या उत्सवात स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती. तीही झगडून मिळवावी लागली. आज पुष्य वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात, त्यात पुरुषांइतक्याच स्त्रिया असतात. पाहुण्यांच्या गर्दीने त्या दिवसांत गावातील खाणावळी पहाटेपासून तुडुंब असतात. शिष्याने घरून आणलेला दहीभात, खाणावळीतली इडली, हलव्याच्या दुकानासमोरची दाटी, सारे एकाच गल्लीत चालते.

शाळांच्या सहली ज्यांनी काढल्या आहेत त्या गुरुजनांना हा सारा विषय ग्रंथांपेक्षा अनुभवाने अधिक ठाऊक असेल. ऐंशी मुले, दोन बसगाड्या, दुपारचा एक. एवढ्या मुलांना तासाभरात जेवू घालील, पिण्याचे पाणी देईल, मुलींसाठी स्वच्छतागृह उघडून देईल आणि कोणाला कांदा-लसूण चालत नाही हे न रागावता ऐकून घेईल, असे ठिकाण ऐतिहासिक गावात शोधताना शिक्षकांची कोण त्रेधा उडते! अशा वेळी महामार्गावरचे वातानुकूलित दालन दिसले की सुटकेचा श्वास पडतो, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तंजावरजवळच्या एखाद्या जुन्या छत्राच्या पडवीत स्वच्छ नळ, स्वच्छ शौचालय आणि केळीच्या पानावर साधा सांबार-भात ठरलेल्या दरात मिळू लागला, तर त्या बसगाड्या तेथे वळतील की नाही? पडव्या आहेत, विहिरी आहेत, पाने आहेत. ओरत्तनाडूच्या छत्राचे दगडी खांब अद्याप उभे आहेत.

आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, कावेरीला नवे पाणी आल्याचा सण तिरुवैयारुत साजरा होतो. पुष्यमंडपाच्या घाटावर सकाळपासून बायका-मुले जमतात. नदीला हळद-कुंकू, फुले आणि काळ्या मण्यांची पोत वाहिली जाते. नवविवाहिता गळ्यातले हळदीचे दोरे बदलतात. मग पायऱ्यांवरच डबे उघडले जातात. लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा भात, शेवटी दहीभात, असा सारा शिदोरीचा थाट असतो. चिंचेचा भात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो, म्हणून प्रवासाला निघणारी घरे तो जरा जास्तच करतात. हल्ली एखाद्या कुटुंबाच्या पिशवीत पुठ्ठ्याचा चौकोनी डबाही असतो. मुले त्यातला त्रिकोणी तुकडा खातात आणि आजीच्या हातचा एक घास दहीभातही खातात. घाटावर नुसताच पाहायला आलेला परगावचा माणूस उभा दिसला, की पायरीवरची एखादी बाई त्याच्यासाठी पानाचा तुकडा पुसून त्यावर भाताची एक मूद वाढते आणि 'साप्पिडुंग', म्हणजे 'जेवा', एवढेच म्हणते.